डोहाची शेपटी

खोब्रागडीच्या तळाचा नकाशा काढायचं काम
मला मिळालं भादव्याच्या शेवटी.
एक दोरी, हाताहातावर लाल चिंध्या बांधलेली,
खुणा केलेला बांबू, वही,
आणि रोजीनं इंदरकला नान्हे,
कारण मला पोहता येत नव्हतं.

ती पाण्यातून आकडे ओरडायची.
दोन हात. अडीच. अडीच.
मग बांबू बुडायचा, ती हसायची.
"हा डोह हाय जी. इथं ते झोपते फकत.
बाळंतखोली येगळी."

महाशीर हे नाव माझ्या कागदावरचं.
तिच्या बोलीत नुसतं 'ते',
घरातल्या थोरलीबद्दल बोलावं तसं.

बाळंतखोली म्हणजे डोहाची शेपटी:
तळ जिथे वर चढू लागतो,
पाणी पातळ होतं आणि घाईत येतं,
तिथले गोटे, आवळ्याएवढे, लिंबाएवढे,
एकमेकांवर रेललेले,
मध्ये एका पिवळ्या थेंबापुरती सांद.
वरून पळणारी धार थोडी आत शिरते,
थेंबाला श्वास देते
आणि पुढच्या गोट्याशी भांडायला जाते.

तुला कसं कळतं, मी विचारलं.
तिनं पाय पाण्याबाहेर काढला.
टाच फुटलेली, अंगठा आत वळलेला.
"गोटा कुरकुरला तं ते येते.
पाय रुतला तं नाही येत.
सपाट रेतीत कोनती माय लेकरू ठेवन?"
मी 'कुरकुरला' लिहिलं, खोडलं,
'खडीचा आकार मध्यम' लिहिलं.

रेतीघाटाच्या खाली नकाशा बिघडला.
दोन हात, अकरा हात, अकरा हात.
पोकलेननं चावलेले खड्डे, काठ उभे कापलेले,
डोह म्हणावेत तर शेपटीच नाही.
काठावर चाळणीनं नाकारलेल्या गोट्यांचे ढीग,
त्यावर उगवलेला तरोटा.
रेती केव्हाच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली होती.

शेवटच्या दिवशी इंदरकलानं रोजी मोजून घेतली,
लुगड्याच्या गाठीत बांधली, घरी गेली,
आणि घमेलं घेऊन परत आली.

आम्ही गोटे वाहिले.
मी ओतत होतो, ती चिडत होती:
"फेकू नको ना बाप्पा, हे का सडक हाय?
चढ पाहिजे. खालून येतानी
तिच्या पोटाले लागला पाहिजे."
मग ती पायानंच लावत गेली,
थोडा इकडे, थोडा तिकडे,
चुलीचे दगड बसवावेत तशी.
बेचाळीस घमेली. माझे खांदे गेले.

पूर आला की सगळं वाहून जाईल, मी म्हणालो.
"जाईन तं जाईन.
नदी दुसरीकडं नेऊन ठेवन.
ते तिचं काम हाय, तू कायले रोज मागतं?"

अहवालात त्या जागेचा रकाना मी रिकामा ठेवला.
साहेबांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं,
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

यंदा पाणी उतरल्यावर तिच्या पुतण्याचा फोन आला.
"काकू पान्यात उभी हाय. तुमाले सांगाले लावलं."
मासा दिसला का, मी विचारलं.
पलीकडे धार ऐकू येत होती,
तो ओरडून तिला विचारत होता,
ती ओरडून काहीतरी सांगत होती.
"नाही म्हणते, दिसलं काहीच नाही.
पन कुरकुरते म्हणते."