जुळणी नाही

अमावास्येची सुकती पहाटे चारला लागली.
द्वारका मालंडकर पुढे, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं,
कपाळाला बॅटरी, हातात मोडक्या कोयतीचं पातं.
मागे मी, हातमोजे घालून,
चिखलात पाऊल टाकायच्या आधी परवानगी मागणारी.

"हो बोडको. हो गायकातळ.
आणि हो सासयेचो, हेच्यार पाय घसारता."
घरातली माणसं दाखवावीत तसा
तारामुंबरीच्या खाडीतला एकेक दगड तिने दाखवला.
माझ्या नकाशात तिथे नुसता निळा रंग होता.

बारा कालवं मागितली. तिने तेरा दिली.
"एक कुसका निघतला."

कालव दिवसभर पाणी पीत बसतं,
घागरीमागून घागर, चवीबद्दल अवाक्षर न काढता.
खाडीत जे तरंगतं ते त्याच्या पोटातून जातं
आणि थोडं मागे राहतं.
मला ते थोडं हवं होतं.

बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ,
सुरमईचा वास न गेलेला थर्माकोलचा डबा,
तो मांडीवर घेऊन रत्नागिरीच्या एसटीत शेवटच्या सीटवर.
कंडक्टर म्हणाला, मासळी?
मी म्हटलं, हो.
अर्धं तरी खरं होतं.

यंत्र मुठीएवढं.
एक थेंब सोडला आणि पडद्यावर सुरू झालं:
ए टी टी जी सी ए ए
बाराखडी घोकत वाढलेल्या मला
ही चार अक्षरांची भाषा वाचता येत नाही.
ताडून पाहता येते फक्त,
आजवर जगात कुणी कुणी जे नोंदवलं त्याच्याशी,
रात्रभर. दोनदा वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला,
बाहेर कुणाच्या तरी पडवीत रेडिओ बोलत राहिला.

सकाळी सहाशे बारा तुकडे विषाणूंचे.
ओळखीचे एकोणचाळीस.
उरलेल्यांपुढे एकच शेरा.
जुळणी नाही.
जुळणी नाही.
हजेरीपटावरून बोट खाली खाली नेत गेले,
कुणी 'हजर' म्हणेना.

बहुतेकांचं आपल्याशी काही देणंघेणं नसावं.
जिवाणूंच्या घरात शिरतात, तिथेच जन्मतात, तिथूनच फुटून बाहेर.
एकाकडे तर उजेड पकडायचं जनुक निघालं,
कुठल्याशा नीलहरित जिवाणूचं उचललेलं.
विषाणूला काय करायचाय उजेड?
मी त्या ओळीवर चहा गार होईस्तोवर बसले.

मग तक्ता. नाव. यजमान. ठिकाण.
नावाच्या रकान्यात नंबर घालत गेले,
आणि त्या उजेडवाल्यापाशी हात थांबला.
वाटलं, हिचं नाव द्यावं.

पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा
द्वारका कालवं फोडायची थांबली.
"माझा नाव?
बाय, लोक काय म्हणतीत, द्वारकेचो रोग?
धंदो बसतलो."
मी म्हटलं, रोग नव्हे हा, निरुपद्रवी आहे, बहुतेक.
'बहुतेक' तिने बरोबर ऐकलं.
"कातळाचा पण नाव लिवू नको.
लोक घेवचे नाय."

रात्री तक्ता पुन्हा उघडला.
अक्षांश-रेखांशातले शेवटचे तीन आकडे खोडले.
ठिपका खाडीतून सरकला,
कांदळवन ओलांडून, दीपगृहाच्या पलीकडे,
कुणाचाच कातळ नसलेल्या पाण्यात जाऊन पडला.
शेऱ्यात लिहिलं: ठिकाण अंदाजे.
असं लिहायचं नसतं, मला माहीत आहे.
नावाचा रकाना तसाच ठेवला.

पुढल्या सुकतीला तिने चुलीच्या निखाऱ्यावर
एक कालव ठेवलं. शिंपला तडकला.
"खातंस?"
तिने विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली,
मी एवढा वेळ का घेतेय म्हणून.

पाचशे त्र्याहत्तर अनोळखी.
खाल्लं.
खारट, जरासं गोड, आणि कडेला वाळूचा एक कण.