कानामागचं हिरवं

शारदक्का तुरमुरीनं पिशवीतून डोकं काढलं
आणि माझ्या मशीनवर ठेवलं,
बॉबिनच्या डबीला टेकवून.
धड घरी हाय म्हणाली, धडाला काही झालं नाही.

पन्नासेक वर्षांचं व्हिनाइल. हाताला किंचित चिकट,
कुणीतरी कधीतरी रॉकेलनं पुसलं असणार.
दोन्ही कानांत पितळेच्या कुड्या,
खऱ्या, तान्ह्या बाळाच्या,
आणि त्यांच्याभोवती हिरवं उतरलेलं
पार मानेपर्यंत,
विहिरीच्या कठड्यावर उतरतं तसं.
"एवढं काढ गे. नातीला द्यायची हाय."
एवढं म्हणजे कुठवर, ते मी विचारलं नाही.

खडेबाजारच्या औषधाच्या दुकानात
चिक्कोडीचा नवा पोरगा होता.
पुळ्यांची क्रीम मागितली तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
बाहुलीला पाहिजे म्हटलं असतं
तर त्यानं मालकाला हाक मारली असती.
"भाचीला," म्हणाले.
अगदीच खोटं नव्हतं, भाची वयात आलीय.

कुड्या आधी काढायच्या, नाहीतर हिरवं परत येतं.
भुवयांवर, ओठांवर व्हॅसलीन जाड,
तो रंग एकदा गेला की गेला.
केस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे.
मग क्रीम, मग वरून पारदर्शक कागद घट्ट,
आणि स्टीलच्या तांब्यावर डोकं उभं करून गच्चीत.
क्रीम नुसती बसून असते. काम ऊन करतं.

रेणुका कपडे वाळत घालायला आली, किंचाळली,
मग हसली. दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागली,
"पेशंट कसा हाय आज?"
खाली वडगावचे माग खटखटत होते.
मी रोज संध्याकाळी कागद सोडायची,
कापसानं पुसायची, कान उजेडात धरायची.
चौथ्या दिवशी हिरवं
शेवाळाचं राहिलं नाही, कच्च्या कैरीच्या सालीचं झालं.
सातव्या दिवशी तेही नव्हतं.

कपाळावर बॉलपेनचं निळं काहीतरी होतं.
एक वेटोळं, त्याला शेपूट.
कानडी मी बोलते. कानडीत भाव करते,
कानडीत भांडते, परवा एकाला रडवलंसुद्धा.
वाचत नाही.
बसचा बोर्ड नंबरावरून ओळखते.
म्हटलं, बोटावर क्रीम उरलीच आहे,
लावून टाकू. पैसे नको घ्यायला त्याचे.

निळं आधी जांभळं झालं,
मग चहाच्या कपाच्या बुडासारखं,
मग कपाळ.

शुक्रवारी शारदक्का आली.
कान बघितले, एक, मग दुसरा,
बाई गं, म्हणाली, नवीच की.
मग तिचा अंगठा कपाळावर गेला
आणि तिथंच थांबला,
ताप बघतात तसा.

"कल्लव्वानं काढला होता. माझ्या पाठची.
शाळेतून पहिला अ शिकून आली,
पाटी फुटलेली,
मग हिच्यावरच काढला."

कल्लव्वा कुठं असते, मी विचारलं नाही.
या वेळी न विचारणं बरोबर होतं का, माहीत नाही.
मशीनचा पट्टा उगाच घट्ट केला.
ती म्हणाली, "इरली बिडव्वा,"
आणि डोकं दाराच्या उजेडाकडे नेलं, तिरकं केलं.

मला तेव्हा दिसलं.
शाई होती तिथं क्रीम जास्त मुरली होती.
सगळ्या कपाळाहून फिकट,
एक वेटोळं. त्याला शेपूट.
तिला दिसलं की नाही?
तिनं डोकं टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल पिशवीत घातला.
मी पैसे नको म्हणाले.
दीडशे रुपये कात्रीखाली ठेवून गेली.

ट्यूब अर्धी उरली होती. भाचीनं नेली.
आठवड्यानं तिची आई ओरडत आली:
निळा नवाकोरा अभ्रा,
गालाच्या जागी पांढरा पडलेला.
मी तो हातात घेतला,
दाराकडे नेला,
आणि बराच वेळ फिरवत बसले,
उभा, आडवा,
कुठल्या बाजूनं वाचायचा ते कळेना.