पिश्ती मी?

पहाटे तीनला बाबा पाव पालथा करायचे
आणि बोटांच्या पेरांनी बुडावर टकटक,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी.
"पिश्ती मी?" झालं का?
आतून पोकळ आवाज आला तर पाव फळीवर,
नाही तर परत दगडी भट्टीच्या पोटात.
निक्सारमध्ये अजून सांगतात,
फेरामुझ उस्ता पावांशी बोलायचा, माणसांशी बेताचंच.

क्रियापद एकच आमच्याकडे, पिश्मेक.
पाव भाजला तरी तेच, मसूर शिजले तरी तेच,
नासपती पिकली, वीट पक्की झाली, तरी तेच.
माझ्या लेकीच्या मांड्यांत लंगोटाचे लाल चट्टे उठले
तर शुकुफेबाई म्हणाल्या, पिशिक झालंय,
पोर शिजलंय जरासं,
बटाट्याची पिठी लाव, उघडी ठेव.
आणि खाटेवर लोळणाऱ्याला चिडवायला:
पिक गं नासपती, पड माझ्या ओठी.

ही म्हण नेवझातच्याच मापाची.
माझा धाकटा भाऊ. पीठ मळायच्या यंत्रासाठी
बाबांनी डब्यात साठवलेलं सगळं घेऊन मेर्सिनला गेला,
अकरा महिन्यांनी उगवला
शिजलेल्या मुंडीसारखे दात विचकत.
(शब्द माझे नाहीत, सगळा गाव असंच म्हणतो.
मुंडीवाल्याच्या काचेआड बघा एकदा,
ओठ आक्रसून मेंढरं कशी हसतात मेल्यावर.)
बाबा एवढंच म्हणाले, पिश्किन.
पावाला म्हणाले असते तर कौतुक होतं ते,
खरपूस, गाभ्यापर्यंत भाजलेला.
माणसाला म्हटलं की, कोडगा.

मी शाळेत भाषा शिकवते.
शब्दकोशात पिश्किनच्या जरा खाली राहतो
पिश्मान, म्हणजे पस्तावलेला.
दरवर्षी वर्गात एक तरी हात वर होतो:
बाई, जो शिजला तो पस्तावला, असंच ना?
नाही रे बाळा.
एक आला घोड्यांच्या पाठीवरून, गवताळ माळांतून,
दुसरा फारसीतून.
रक्ताचं नातं नाही. एका आळीत घरं, इतकंच.
बाबांना हे सांगितलं एका रात्री.
त्यांनी हातावरचं पीठ झटकलं, म्हणाले, "तरीच."

मागच्या मार्चात तोकातच्या इस्पितळात
मी आणि नेवझात बाबांच्या खाटेशी पोचलो
एकाच राखाडी रंगाची, एकाच बाजारातली जाकिटं घालून.
नर्स हसली, "पिश्ती झालात की दोघं!"
पत्त्यांतून आलंय हे. डावात एकच पान पडलेलं असावं,
त्याच्या जोडीचं आपल्या हातात निघावं,
की ओरडायचं, पिश्ती! आणि उचलायचं.
डब्यातल्या पैशांचं विचारावं असं ओठावर आलं होतं माझ्या.
शिजलेल्यात पाणी ओतणं म्हणतात त्याला.
गप्प बसले.
नेवझातने खिशातून कॅट काढला.

जेवणाच्या ट्रेवर खेळले दोघं, तासभर, न बोलता.
शेवटी ट्रे रिकामा, पाळी नेवझातची.
बाबांचा हात इतका थरथरत होता की
त्यांच्याकडची इस्पिकची सत्ती मला दिसत होती,
नेवझातला तर समोरूनच.
त्याच्याकडे दोनच पानं, एक गुलाम, एक बदामची सत्ती.
त्याने सत्ती टाकली.

बाबा ओरडले नाहीत.
सत्तीवर सत्ती हळूच ठेवली, मग हात लांबवून
नेवझातच्या छातीवर, त्या जाकिटावर,
पेरांनी दोनदा टकटक केलं
आणि मान कलती करून थांबले.

काय आवाज आला आतून
ते मला खाटेच्या ह्या बाजूला ऐकू आलं नाही.
"दहा गुण," बाबा मला म्हणाले,
"लिहून घे, बघत काय बसलीस."