पान एकसष्ट

पहिल्यांदा वही परत आली
तेव्हा मी ती दोन दिवस उघडलीच नाही.
देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात
पावतीबुकांच्या खणात ठेवली,
वर डिझेलच्या बिलांची चळत.
ट्रॉलरवाले येत होते, लाद्या मोजून नेत होते,
मी प्रत्येक बेरीज दोनदा करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी
बंदरावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
तेव्हा उघडली.
लाल शाई नव्हती.
शिसपेन्सिल, तीही इतकी हलकी
की कागदावरून मुंगी चालून गेली असावी.

पान चार: "सागराच्या विशाल पटलावर...
कुबलबाई, हे तुम्ही कुठे उभं राहून पाहिलंत?"
पान नऊ: "आई रडली, एवढंच लिहिलंय.
हात काय करत होते तिचे?"
पान बारा: "ओहोटी. घरात हाच शब्द आहे?"

घरात हा शब्द नव्हता.
घरात सुकती होती.
ओहोटी भूगोलाच्या पुस्तकात होती,
आणि मला वाटायचं, पुस्तकात जायचं
तर पाय धुऊन जावं.

आईचे हात कोळंबी सोलत होते.
रडताना थांबले नव्हते.
हे मला बावीस वर्षं माहीत होतं.
लिहिण्यासारखं आहे, हे माहीत नव्हतं.

नाबरबाई वेंगुर्ल्याच्या.
सावंतवाडीच्या छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले,
ओळ उलटी वाचायची सवय अजून सुटलेली नाही.
मी भेटायला गेले, कुडाळला गाडी बदलून,
पिशवीत वही आणि सुके बांगडे.
बांगडे त्यांनी आधी घेतले.
मग म्हणाल्या, वाचा.
एका परिच्छेदावर माझाच आवाज खाली गेला.
"इथं तुमचाच विश्वास नाही," म्हणाल्या,
"माझा कसा बसेल?"
कौतुक असं केलंच नाही.
चहा दोनदा केला.

वही जात राहिली, येत राहिली.
पाकीट फाटत फाटत नुसतं चिकटपट्टीचं उरलं.
एका मे महिन्यात मी कळवलं, सगळं फाडून टाकते.
उत्तराला एक ओळ:
"फाडा. पान सतरा तेवढं मला पाठवून द्या."
त्या रात्री पान सतरा मी चार वेळा वाचलं.
काय आहे त्यात, कळेना.
पण फाडवेना.

चौथ्या खेपेला पान एकसष्ट.
मत्स्यखात्याचा साहेब जेटीवर येऊन विचारतो,
"ओहोटी कधी आहे?"
बाईंनी वर लिहिलं होतं: सुकती.

कंप्रेसर घरघरत होता.
मी बराच वेळ पेन्सिल नुसती धरून होते.
मग समासात लिहिलं:
"नाही बाई. हा साताऱ्याचा.
ह्याच्या तोंडात सुकती येणार नाही.
तो ओहोटी म्हणतो
म्हणून तर तांडेल एकमेकांकडे बघतात."
लिहून झाल्यावर पदरानं घाम पुसला.
बर्फाच्या कारखान्यात.

वही आली.
माझ्या ओहोटीखाली टिंबं, एकेका अक्षराला एक,
छापखान्यातली जुनी खूण.
बाजूला: "असू दे."
आणि त्याखाली, जरा वाकडं,
"माझं चुकलं होतं."

बाहेर कोणीतरी दहा लाद्या मागत होता.
मी बेरीज एकदाच केली.

रात्री आईला वाचून दाखवलं.
तिनं हातातली सुरी बाजूला ठेवली नाही.
पान नऊ आलं, तिचे हात आले,
माझा आवाज जिथल्या तिथे होता.
"थांब," ती म्हणाली.
मी थांबले.
"कोळंबी खंयची गो? सुंगटां होती ती."

पेन्सिल घेतली,
आणि शब्दावर धरून
विचार करत बसले.