नाक घासण्याचं काम

कोर्टाचा हुकूम आला: दगड पुसावा.
दोन शिपाई, एक कारकून,
आणि पुसायला मी.
ओनेझिम. वय चौदा.
मादाम झ्युलियारच्या शिळाछापखान्यात दिवसाला बारा सू.

दगडावर मंत्री होते. उलटे.
(शिळेवर सगळं उलटंच काढायचं असतं,
कागदावर आलं की सुलटं होतं.
मंत्री दोन्हीकडून सारखेच दिसले.)
पोट होतं, पदकं होती,
पण जत्रा भरली होती ती नाकावर:
नाकाच्या दांडीवर पहारेकरी, एक तोफ,
शेंड्याला लोंबणारं कुलूप,
आणि कुलपात अडकलेलं वर्तमानपत्र.

हे काढणारे मस्यो तिबोद तेव्हा तुरुंगात.
सहा महिने, वर दोन हजार फ्रँक दंड.
त्यांनी निरोप धाडला होता,
"पोरा, हलक्या हातानं घास.
मंत्र्यांना सर्दी आहे."

वाळू टाकली, पाणी ओतलं,
दुसरा दगड पालथा घालून फिरवत बसलो.
कारकून वहीत लिहीत गेला:
पोट गेले. पदके गेली. तोफ गेली.
नाक जाईना.
खडूचं तेल तिथं खोल मुरलेलं.
कारकुनाच्या नाकी नऊ आले,
धाकटा शिपाई मिशी चावत भिंतीकडे वळला.
आणि मी, सरकारच्याच हुकमानं,
सरकारचं नाक
दुपारपासून दिवेलागणीपर्यंत
घासत होतो.

मग दगड कोरा. सही. शिक्का.
जाताना त्यांनी माडीवरून
लाल रंगाचे डबेही नेले.
माडीवर अकरा बायका चित्रं रंगवत, शेकड्यावर मजुरी.
झेफिरीन म्हणाली, बरं.
त्या दिवसापासून ती
स्वातंत्र्याच्या बाईची टोपी निळी रंगवी,
टोमॅटो निळे, कोंबड्याचा तुरा निळा,
आणि गल्लीतली पोरंसुद्धा
बरोबर लाल वाचत.

फेब्रुवारीत काम आलं खुद्द पोलीस कचेरीचं:
नृत्यसमारंभाची निमंत्रणं, चारशे प्रती.
मोकळा दगड तोच एक.
पहिला कागद उचलला.
वेलबुट्टी, वळणदार अक्षरं, "उपस्थितीची कृपा व्हावी",
आणि त्यामागं, काचेवर श्वास सोडावा तसं,
नाक.

मादामनं कागद उजेडापुढं धरला.
बराच वेळ.
यंत्राचा दांडा धरून मी उभा,
झेफिरीन जिन्यात उभी.
"किती म्हणालास?"
"चारशे."
"मग थांबलास कशाला?"

चारशे नाकं गेली
सरकारी लखोट्यांतून, सरकारी बग्गीतून, चारशे घरी.
काहींना कागदात खोट दिसली.
काही म्हणे नाचताना मधेच
एकमेकांना पाहून फिस्सकन हसले,
आणि मंत्र्यांना कळेना,
वाद्यवृंद चुकला की आपला पाय.

या खेपेला त्यांनी पुसायला नाही सांगितलं.
दगडच नेला.
उचलेना, म्हणून मलाच खांदा लावायला लावला,
आणि पुरावा ठेवायला जागा नाही म्हणून
कचेरीच्या दाराशी पायरी केली त्याची.

मस्यो तिबोद सुटले ते ऑक्टोबरात,
दाढी वाढलेली, खोकत.
मी त्यांना सरळ तिथंच नेलं.
पाऊस लागून होता.
लोक येत होते, जात होते, बूट पुसत होते.
आम्ही समोरच्या वळचणीला उभे राहिलो.

दगड भिजून काळा झाला होता,
सगळा,
मधला एक आकार सोडून.
तेलावर पाणी ठरत नाही.

तिबोद वाकून पाहत म्हणाले,
"नाकपुडी जरा मोठी झाली रे."