हा मी पाहिलाय

लीड्समध्ये कालव्याकाठी आमचं ऑफिस.
पूर्वी इथं लोकर विंचरायचे.
तिसऱ्या मजल्यावर मुलाखतीची खोली,
पांढरा फळा, पाण्याचा जग, तीन खुर्च्या
आणि चौथी, जरा बुटकी.
मुद्दाम नाही. तिचा दट्ट्या बिघडलाय,
सहा वर्षं कुणी बदलली नाही इतकंच.

मंगळवारी त्या खुर्चीत मेरियल हॅडफील्ड.
वय विचारायचं नसतं, मी मनात मोजलं.
हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं हिशेब,
मग रात्रीचे वर्ग, मग एक छोटं ॲप,
भाजीच्या वाफ्यांसाठी ताटकळणाऱ्या गावकऱ्यांची
यादी ठेवणारं.
मनगटावर निळ्या शाईत परतीच्या गाडीची वेळ.

कॅलमनं नेहमीचा प्रश्न टाकला.
ती उठली. मार्करचं टोपण काढलं,
परत लावलं.
"हा मी पाहिलाय," म्हणाली, "मागच्याच आठवड्यात.
उत्तर पाठ आहे. दुसरा द्या."

कॅलमकडे दुसरा नव्हता.
त्यानं फोनमध्ये शोधला. अवघड निघाला.

पस्तीस मिनिटं ती फळ्याशी झटली.
बाण काढले, पुसले, तळहाताची कड काळी झाली.
एकदा म्हणाली, "थांबा, थांबा, जवळ आलेय."
नव्हती आली.

इथं मला एक सांगायचंय
जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.
बारा वर्षांपूर्वी, याच गावात, दुसऱ्या इमारतीत
मलाही माहीत असलेला प्रश्न आला होता.
आदल्या रात्री शलाकानं
हेडिंग्लीच्या त्या ओल धरलेल्या खोलीत
डाळ ढवळता ढवळता जसाच्या तसा सांगितलेला.
ती दुपारी तिथूनच आली होती, नापास होऊन.
मी काय केलं?
विचार केला. म्हणजे केल्यासारखं केलं.
कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं,
एक चूक मुद्दाम केली
आणि "अरेच्चा" म्हणत स्वतःच पकडली.
माझ्या कागदावर शेरा होता, नंतर वाचला मी:
विचार करण्याची पद्धत फार सुरेख.

चार वाजता मतं.
कॅलम: नाही. इंदरप्रीत: नाही, पण आवडली.
मी म्हटलं, तिनं सांगितलं ना, पाहिलाय म्हणून.
"हो, ते छानच," इंदरप्रीत म्हणाली, "पण लिहू कुठे?"
आणि तिनं खरोखर
फॉर्म वरखाली सरकवून पाहिला.
पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.
ते बोलले असते तर हेडिंग्लीपर्यंत जावं लागलं असतं,
डाळीपर्यंत.
'होकार, पण आग्रह नाही' असा एक पर्याय असतो.
तो निवडला. लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी मेल.
नकार मिळाला, आभार. उत्तर मागत नाही.
लो मूरच्या अलीकडे गाडी थांबून राहिली होती,
तिथं सुटलं. राहवलं नाही म्हणून पाठवतेय.
खाली चौतीस ओळी.

जेवणं झाल्यावर मी त्या चालवून पाहिल्या.
अडल्या. बाविसाव्या ओळीत एक कंस जास्तीचा,
तो काढला, आणि सुरळीत,
मी दिलेली वेडीवाकडी यादीसुद्धा पचवली.

उमेदवारांना थेट उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे.
मीच लिहिलाय तो, दोन हजार एकोणीसमध्ये.
मी लिहिलं: बाविसाव्या ओळीतला कंस सोडला तर बरोबर.
पाठवलं.

मग शलाकाचं आडनाव आठवत बसले.
'को'पासून होतं.
कोलवणकर? कोपर्डे?
नवरा आतून विचारत होता, दिवा बंद करू का.
कोरगावकर नव्हे. कोरगावकर आमचे घरमालक होते.