अजागळ

आईकडे यासाठी शब्दांचा अख्खा डबा आहे.
ओढणी एका बाजूनं लोळली की गबाळी.
ओट्यावर चहाचे ओघळ, तर गचाळ.
महाप्याहून रात्रपाळी संपवून आले
की दारातच, हात कमरेवर ठेवून:
काय हा अवतार!
अवतार एकटा येत नाही कधी,
पुढे 'काय हा' लागतंच त्याला,
आंधळ्याच्या काठीसारखं.

अजागळ मात्र ती राखून ठेवते.
तो कपड्यांपाशी थांबत नाही.
चालण्यात शिरतो, बोलण्यात,
मी पेला ठेवते त्या आवाजात.

कळव्याच्या स्थळाकडूनही तोच आला,
तावडेबाईंच्या तोंडून, फोनवर:
मुलगी हुशार आहे हो,
जरा अजागळ वाटली त्यांना.
आई ताडकन म्हणाली, अजिबात नाही!
आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं.
आमच्या घरातली वस्तू
कुणीतरी न विचारता वापरली होती.

त्या रात्री मी कोश उघडला.
अजा म्हणजे शेळी. गल म्हणजे गळा.
शेळीच्या गळ्याशी लोंबतात ना दोन आचळं,
दूध नसलेली,
ती.
त्यावरून कुचकामाचा माणूस, मग वेंधळा, मग ढिसाळ,
आणि असं उतरत उतरत
घणसोलीच्या तिसऱ्या मजल्यावर
केस न विंचरलेली मी.

गावाकडच्या गल्लीत पदीबायची शेळी
कुणाच्या तरी नव्या रिक्षाचा
झेंडूचा हार खात उभी होती.
मान हलली की ती दोन्ही हलायची.
मी विचारलं, हे कशासाठी असतं?
पदीबाय म्हणाली, कशाला म्हंजे? डूल हायेत तिचे.
जन्माचे.
आणि शेळीला एक धपाटा, हारासाठी.

आईला सांगितलं सगळं. कोश, शेळी, डूल.
ती निऱ्या घालत होती, ऐकलं की नाही कोण जाणे.
म्हणाली, म्हणजे शेळीसुद्धा
दागिना घालून बाहेर पडते,
आणि तू बघ.

सकाळी बसची घाई.
तिनं ओढून थांबवलं, ओढणी सारखी केली,
तोंडात पिन धरलेली,
म्हणून 'अजाग' एवढंच बाहेर आलं.
उरलेलं अक्षर
तिची बोटं माझ्या गळ्याशी चाचपत राहिली.

पिन टोचली थोडी.
बस गेली.